मासे सोडण्याआधीचं पाणी

बोअर नव्हता तेव्हा आमचं पाणी दुसऱ्याच्या मोटारीवर होतं. लाइट आली, मालकाची मोटार सुरू झाली, की आई घागर घेऊन बांधावर बसायची. त्याचं रान भिजलं की मग पाइपाचं तोंड आमच्याकडं वळायचं. म्हणून नोकरी लागल्यावर मी आधी अंगणात बोअर घेतला. घरातली पहिली बी.एस्सी. मी, पण पाहुण्यांना वडील डिग्रीच्या आधी बोअर दाखवायचे.

गेल्या वर्षी मी समुद्री माशांची टाकी मांडली. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि वर्गातल्या एकाही पोरानं समुद्र बघितलेला नाही. बोअरच्या पाण्यात मागवलेलं समुद्री मीठ विरघळवलं, दगड रचले. अशा टाकीत मासे लगेच सोडत नाहीत. आधी पाण्यात काहीतरी कुजवून अमोनिया होऊ द्यायचा. मग जंतू वाढतात, ते त्याचं नायट्राइट करतात आणि शेवटी नायट्रेट. महिना-दीड महिना जातो. तोवर नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा.

पहिल्याच दिवशी, टाकीत अजून काही कुजायला टाकलंही नव्हतं, तर नायट्रेटची नळी लालभडक. शेवटी यायचा तो रंग आधीच आला! मला वाटलं, मीठच खराब. विकतच्या बाटलीतल्या पाण्यात तेच मीठ घालून बघितलं. पिवळं, म्हणजे नायट्रेट नाही. मग बोअरचं नुसतं पाणी घेतलं. लाल.

आत वहिनी त्याच पाण्यात माझ्या तीन महिन्यांच्या भाचीसाठी दुधाची पावडर कालवत होती.

"वहिनी, थांबा. ते देऊ नका."

"का वो ताई? उकळलेलं हाय की."

"उकळून हे नायट्रेट जात न्हाई, उलट वाढतंय. तान्हं लेकरू यानं निळं पडतं."

वहिनीनं बाटली खाली ठेवली ती ठेवलीच. बाहेरून वडील ओरडले, "माशाच्या औषधानं माणसाचं पानी तपासायलीस व्हय? आमी इतके दिस प्यायलाव, मेलाव का?"

"तुमी मोठे हाव, बाबा. ती तीन महिन्यांची हाय."

"आन् बोअर कुनी घेतला? तूच ना?"

अंगणात जाऊन बघितलं. बोअरपासून दहा पावलांवर उकिरडा, त्याला लागून संडासाचा खड्डा. तेच झिरपून बोअरात उतरत होतं. बोअरची जागा मीच दाखवली होती, पाइप स्वयंपाकघराला जवळ पडावा म्हणून. रसायनशास्त्र शिकलेली मी!

जिल्ह्याला पाणी तपासायला दिलं. तिथूनही तेच आलं. आरओचा जार सुरू झाला. "घरी बोअर असून इकतचं पानी," असं वडील जारवाल्यासमोर मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, आणि जार उतरवून घ्यायला स्वतःच उठले. पुढच्या आठवड्यात त्यांनीच उकिरडा लांब हलवला. शेजारच्या दोघी आपापल्या बोअरचं पाणी बाटलीत घेऊन आल्या. एकीचं लाल निघालं. तिच्याही घरी तान्हं होतं.

मी टाकी रिकामी करून आरओच्या पाण्यावर नव्यानं मांडली. या वेळी रंग ओळीनं आले आणि पहिले दोन ओळीनं गेले. दीड महिन्यानं दोन मासे सोडले. दोन्ही जगले. आमच्या गल्लीत दोन तान्ही लेकरं होती. दोघांच्याही दुधात ते पाणी परत गेलं नाही.