तर्री-पोह्यांचा आग्रह

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. इस्पितळात माझ्या भावाच्या शेजारी इतवारीतला एक हातगाडीवाला होता. त्याची गुडघ्यामागची रक्तवाहिनी फुगून धडधडत होती. येणाऱ्याजाणाऱ्याला तो तिथं बोट लावायला सांगे. "पाहा जी, माह्या गुडघ्यालेही दिल हाय!"

ऑपरेशनच्या सकाळी त्याला उपाशी ठेवलं होतं. मी भावासाठी नेलेले तर्री-पोहे आग्रहानं त्यालाही खायला लावले. ऑपरेशन पुढं ढकललं. डॉक्टर कडाडले, "या उशिरात गुठळी अडकली तर पाय जाईल! कोणी दिले पोहे?"

"कोणी नाही जी, मीच चोरले," मिशीवरची तर्री पुसत तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मांडीतली शीर काढून गुडघ्यामागे जोडली आणि पाय वाचला. दोन-तीन दिवसांनी मी त्याच्या खाटेशी गेलो. "त्या दिवशी माझ्यामुळे..."

"चूप बसा ना जी!" तो कुजबुजला. "सिस्टर ऐकून राहिली."

सिस्टर काही तिथून हलली नाही. भेटीची वेळ संपली आणि मी माफी न मागताच घरी आलो.