लय फ्री वागती

सांगलीच्या कॉलेजात मला फ्रीशिप मिळाली, म्हणजे सगळी फी माफ झाली, तेव्हा वडील उंब्रजच्या स्टँडवर भेटेल त्याला सांगत सुटले होते, "आमची पोरगी फ्रीमधी शिकती!" ते पलटणीतून सुभेदार होऊन रिटायर झालेले; इंग्रजी शब्द उच्चारताना छाती आपोआप पुढे यायची. फ्री म्हणजे फुकट, एवढाच अर्थ आमच्या घराला ठाऊक होता. सायकलचं फ्रीव्हील धरलं तर दोन.

सांगलीत, विश्रामबागेतल्या कॉलेजात तिसरा अर्थ कळला. सर आले नाहीत की तास फ्री. त्या वेळात मी व्हरांड्यात बसून वर्गातल्या पोरांना गणितं समजावून द्यायची. मला ती येत होती, त्यांना येत नव्हती, याउपर आमचा काही संबंध नव्हता.

शेवटच्या वर्षाला फलटणचं स्थळ आलं. आमच्याकडे आधी मुलीची चौकशी करतात, आणि ती मुलीला सोडून सगळ्या गावाकडे करतात. मध्यस्थ कॉलेजसमोर चहा पिऊन आला आणि त्यानं सुतावरून स्वर्ग गाठला. "आवं सुभेदार, पोरगी हुशार हाय, पर लय फ्री वागती. पोरांत बसती. मुलाकडचे व्हय म्हंत्यात तवर उरकून टाका."

वडील दुसऱ्याच दिवशी सांगलीला आले. "पुस्तकं बांध."

"आबा, परीक्षा तोंडावर आलीय."

"लगीन ठरलंय."

पोरांत बसून काय करत होतीस, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं असतं तर गणितं म्हणून सांगितलं असतं. त्या न विचारण्याचा राग मला अजून येतो.

फलटणला सासूबाई गल्लीभर सांगायच्या, "आमची सून दुपारची फ्रीच असती. पाठवा पोरं शिकवणीला." धुणंभांडी, दोन वेळचा स्वयंपाक, मागं जनावरं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं व्हायचं. ओसरी भरून मुलगे बसायचे, मिसरूड फुटलेलेसुद्धा. आता पोरांत बसलेलं सगळ्यांना चालत होतं.

एकदा वडील भेटायला आले, तेव्हा मी त्रैराशिक शिकवत होते. ते खाटेवर बसून कौतुकानं बघत राहिले. निघताना म्हणाले, "बरं झालं बाई. तुझं शिक्षान वाया न्हाई गेलं."

मी पाया पडायला वाकले. निदान तेवढा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही.