चौथा पाय

गॅरेजात कुणी हाक मारलेली नसताना मिस्त्री मध्येच मान वर करून "हो, झालंच" म्हणायचा. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटे, आपल्यालाच म्हणाला. ते बिचारं खूश होई. मिस्त्रीच्या बायकोला मात्र ठाऊक होतं, की हे उत्तर दाराशी उभ्या असलेल्या माणसाला आहे आणि दाराशी कुणीच नाही.

"तुमच्या दादांना आत तरी बोलवा," ती डबा ठेवता ठेवता म्हणे. "रोज येतात, बिचारे उभेच असतात."

तिने हसण्यावारी न्यायचं ठरवलं होतं, नाहीतर संसार झाला नसता.

दादा म्हणजे मिस्त्रीचा थोरला भाऊ. एकतीस वर्षांपूर्वी त्याची गाडी उताराच्या वळणावर रस्ता सोडून खाली गेली. चौकशीला आलेला इन्स्पेक्टर म्हणाला, वेग. मग सगळेच म्हणाले, वेग. वहिनीने नवऱ्याचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात चादरींखाली घातला आणि दोन वर्षांची पोर एकटीने वाढवली.

त्या दिवसापासून मिस्त्रीने गाडीत इंजिन बसवणं सोडलं. कार्ब्युरेटर आणा, डायनामो आणा, ब्रेक आणा, नाही म्हणणार नाही. इंजिन चढवायचं असलं की पलीकडच्या गॅरेजकडे बोट. आणि एके काळी त्याचा हात कसा, तर त्याने आवळलेला नट सोडवायला दोन माणसं आणि एक शिवी लागते, असं शेजारचा वेल्डर सांगत सुटायचा.

तीच गाडी आता पुतणीने ट्रकवर घालून दारात आणली. लांब नाकाची, उघड्या टपाची, आजोबांच्या वेळची. वहिनीच्या घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. पुतणी शाळेत भूगोल शिकवायची आणि बोलायचीही नकाशा दाखवल्यासारखी, बोट पुढे करून.

"काका, ही चालती करायची."

"वहिनीला कशाला आता हे?"

"आईला नकोय, मला हवीये. आई म्हणते, घे, पण बापासारखी सुसाट सोडलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील." ती हसली. "मी स्कूटरसुद्धा चाळीसच्या वर नेत नाही, काका. शाळेतली पोरं सायकलवरून मला मागे टाकतात."

मिस्त्री हसला नाही. तो बॉनेटकडे बघत होता. बॉनेटखाली काय आहे ते त्याला माहीत होतं; काय निघेल ते माहीत नव्हतं.

अपघाताच्या तीन आठवडे आधी दादा म्हणाला होता, इंजिन पुढून डुलतं, बघ जरा. मिस्त्रीने बघितलं. त्या जुन्या गाड्यांची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि मधे चार आडव्या. खड्ड्यात एक चाक खाली गेलं, की अख्खी चासी पिळवटते, ओला टॉवेल पिळावा तशी. ते बनवणाऱ्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी इंजिनाला तीनच पाय दिले होते. मागे डाव्या-उजव्या बाजूला दोन, पुढे मधोमध एक. आणि तो पुढचा एका गोल खोबणीत, चामड्याच्या चकतीवर, नट मुद्दाम सैल ठेवून बसवलेला. तिवई कसल्याही जमिनीवर डगमगत नाही, तसं. चासी खाली हवी तशी वळवळू दे, इंजिनाला त्याचं सोयरसुतक नाही.

मिस्त्री तेव्हा चोवीस वर्षांचा. सैल नट दिसला आणि त्याचं डोकं फिरलं. सैल म्हणजे खराब, एवढीच त्याची विद्या. त्याने खोबण काढून फेकली, जाड पत्रा कापून पुढे दोन बाजूंना दोन पाय केले आणि चारही पाय अंगाचा जोर लावून आवळले. इंजिन हलायचं बंद झालं. चासीची करकरही बंद झाली.

"पक्कं ना रे?" दादाने दारातून विचारलं होतं.

"डोळे झाकून ने."

अपघातानंतर गाडी वर काढली तेव्हा इंजिनाचा मागचा डावा पाय तुटलेला होता आणि इंजिन कलंडून स्टिअरिंगच्या दांड्यावर बसलं होतं. खाली पडताना तुटला असेल. पडताना काय काय तुटतं. एकतीस वर्षं तो स्वतःला हेच समजावत होता. आणि खरं काय ते गाडीतच लिहिलेलं होतं, हेही त्याला माहीत होतं. पाय पडताना तुटला असेल, तर तडा सगळीकडे सारखा उजळ असेल. आधीपासून चिरत आला असेल, तर जुन्या चिरेत तेल झिरपून काळं झालेलं असेल. वहिनीच्या शेडपर्यंत जाऊन ताडपत्री उचलायची, एवढंच काम होतं. तो गेला नव्हता.

आताही आठ दिवस त्याने चाकं केली, ब्रेक केले, दिव्यांच्या वायरी ओढल्या. नवव्या दिवशी दुपारी करण्यासारखं दुसरं काही उरलं नाही. त्याने इंजिन साखळीच्या कप्पीवर उचललं, ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि तुटक्या जागेवरची धूळ घासली.

कडेला बोटभर जागा मिठाच्या फुटलेल्या खड्यासारखी खरखरीत, उजळ. बाकी सगळी गुळगुळीत आणि काळी.

त्याने परत घासलं. काळं ते काळंच. चीर तीन आठवडे चालत होती, रोज थोडी, प्रत्येक खड्ड्याला थोडी. चार पायांवर आवळलेलं इंजिन चासीबरोबर पिळलं जात होतं आणि दादा डोळे झाकून गाडी नेत होता. वळणावर पाय सुटला आणि इंजिनाखाली स्टिअरिंग अडकलं.

"झालं का रे?" दारातून आलं.

मिस्त्रीने मान वर केली नाही.

पुढचे पंधरा दिवस इंजिनाचंच काम चाललं. वेल्डरने तुटका पाय भरून दिला. "आता कुठे तुझा हात परत इंजिनाला लागला," असं म्हणत त्याने पाठीवर थापही मारली, ती मिस्त्रीला चटका बसल्यासारखी लागली. पुढची खोबण त्याने नव्याने कातून घेतली. चामड्याची चकती कापली. तीन पाय. पुढचा नट बोटांनी जितका फिरतो तितकाच फिरवला. पाना हातात होता, आणि मनगट सवयीने अजून एक आटा मागत होतं. त्याने पाना खाली ठेवला आणि सैल नट गळू नये म्हणून त्यात पिन घातली.

मग एका पुढच्या चाकाखाली जॅक लावून ते वीतभर उचललं. चासी कण्हल्यासारखी करकरली, पार मागच्या टोकापर्यंत पिळत गेली. वर इंजिन शांत. निजलेल्या मुलाला हातावर धरून जिना उतरावा, तसं. हीच करकर त्याने त्या वेळी बंद पाडली होती. मिस्त्री तिथेच फरशीवर बसून राहिला.

गाडी न्यायला पुतणी आली, बरोबर वहिनीही. वहिनी दारातच थांबली. पुतणी जाऊन स्टिअरिंगमागे बसली.

"भाऊजी, नीट झालंय ना?" वहिनी म्हणाली. "हिला बजावून सांगा. बापाचं रक्त आहे."

"वहिनी, दादा सुसाट नव्हता."

"आता त्याचं काय?"

"बसा."

"उभी आहे, बोला."

त्याने सांगितलं. सैल नट, चार पाय, डोळे झाकून ने, काळा तडा. एकही वाक्य स्वतःच्या बाजूचं घातलं नाही. "इन्स्पेक्टर वेग म्हणाला, तेव्हा मी शेजारी उभा होतो. मी मान डोलावली. गाडीचा गिअरचा दांडा वाकून अडकलेला, तो परवा सोडवला. दुसऱ्यात होता. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये जाणारा माणूस जपून जात असतो, वहिनी. मागच्या बैलगाडीनेसुद्धा शिव्या घातल्या असत्या, इतका जपून."

पुतणीने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर घेतले.

वहिनी गाडीच्या नाकाकडे बघत होती. "एकतीस वर्षं भांडतेय मी त्यांच्याशी," ती म्हणाली. "भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. पोर दोन वर्षांची, आणि तुम्हाला एवढी घाई कसली झाली होती? रोज हेच." तिने ओठ पुसले. "घाई नव्हतीच."

"नव्हती. मला बोला, वहिनी. काय हवं ते बोला."

"तुम्हाला काय बोलू, भाऊजी? माझं सगळं बोलणं त्यांच्यावरच संपलं."

पुतणी हळूच "आई" म्हणाली. वहिनीने तिच्याकडे बघितलं नाही. ती गाडीला वळसा घालून आली, दार उघडून लेकीच्या शेजारी बसली आणि समोरच्या काचेतून मिस्त्रीकडे बघू लागली.

"कितव्या गिअरमध्ये म्हणालात?"

"दुसऱ्या."

"परत सांगा."

"दुसऱ्या, वहिनी."

"तिच्याकडे बघून सांगा."

मिस्त्री पुतणीच्या बाजूला गेला, दारावर दोन्ही हात ठेवले आणि पहिल्यापासून सांगू लागला.