लंचचं इंजेक्शन

ऑस्ट्रेलियाचा दौरा असला की बेळगावातल्या आमच्या खासबागच्या घरात पहाटे साडेचारला दिवा लागायचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, अंघोळ उरकून टीव्हीसमोर बसायचे आणि मांडीवर फळी घेऊन तिच्यावर स्कोअरबुक उघडायचे. उद्यमबागच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर तपासणीचं काम केलं होतं. सुटा भाग मायक्रोमीटरमध्ये धरायचा, आकडा वाचायचा, पास किंवा नापास ठरवायचं. सुट्टीच्या दिवशी ते क्लबच्या सामन्यांचे स्कोअरर असत. निवृत्तीनंतर मैदानावर जाणं सुटलं, तेव्हा त्यांनी टीव्हीवरचे सामने लिहायला घेतले. प्रत्येक चेंडू दोनदा लिहायचा, एकदा फलंदाजापुढे आणि एकदा गोलंदाजापुढे. दिवसाअखेर दोन्हीकडची बेरीज जुळली पाहिजे. जुळली की ते पेन्सिल कानावर ठेवून म्हणत, "बसलं."

आईचं इंजेक्शनही त्यांच्याकडेच होतं. तिला बरीच वर्षं मधुमेह आहे. डोळ्यांवर परिणाम झाल्यानं सिरिंजवरच्या रेघा तिला दिसत नाहीत. सकाळी चोवीस युनिट, संध्याकाळी बारा. सकाळची वेळ साडेसातची, इन्सुलिनची बाटली फ्रिजमध्ये. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक कसोट्यांत पहिलं सत्र आपल्याकडच्या सात-साडेसातच्या सुमारास संपतं, त्यामुळे सामना असेल त्या दिवशी आप्पा लंचच्या सुट्टीत उठून इंजेक्शन देत. गेल्या दोन-तीन दौऱ्यांपासून घरात त्याला लंचचं इंजेक्शनच म्हणत.

मी इथल्याच एका वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. दुपारी तीनला कामावर जातो, मध्यरात्रीनंतर परततो, सकाळी नऊला उठतो. बातमीदाराची चूक त्याला न सांगता दुरुस्त करणं हे माझं काम. सांगत बसायला वेळ नसतो, आणि सांगितलं की माणूस दुखावतो. दुरुस्ती केली आहे हे छापून आल्यावरही कुणाच्या लक्षात येऊ नये, अशी सवय या कामात हाताला लागते.

या दौऱ्यात आधी टी-ट्वेंटी, मग कसोट्या आणि शेवटी एकदिवसीय सामने होते. टी-ट्वेंटीच्या एका दुपारी मी निघायच्या तयारीत होतो. आप्पा बेरीज करत होते. त्यांनी ती तीनदा केली आणि पुस्तक मिटलं. "बसलं" म्हणाले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "ह्यो काय खेळ हाय व्हय? गोणपाट झाडल्यासारखं मारत्यात. लिहायला दम तर देत्यात काय?" मी हसलो आणि कामावर गेलो.

पहिल्या कसोटीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपलेले असताना मी पुस्तक उघडलं. एका षटकात सात चेंडू होते. वाइड नाही, नो-बॉल नाही. दोन पानांनंतर, पहिल्या सत्रातच बाद झालेल्या फलंदाजापुढे शेवटच्या सत्रातल्या चार धावा होत्या. माझ्या आठवणीत आप्पांनी अशी चूक कधी केली नव्हती. फोनवर चेंडूगणिक तपशील होता. मी तो काढला, रबर घेतलं, जादा चेंडूचा ठिपका पुसला, चार धावा योग्य माणसाच्या नावावर लिहिल्या आणि बेरीज जुळवली. वीस मिनिटं लागली. संध्याकाळी त्यांनी पुन्हा बेरीज केली असावी, कारण आईनं रात्री फोनवर सांगितलं की आज स्वारी खुशीत आहे.

तिसऱ्या दिवशी नऊ चुका होत्या. चौथ्या दिवशी मी मोजल्या नाहीत. एक संपूर्ण षटक त्यांनी दोनदा लिहिलं होतं, एकाखाली एक, तेच ठिपके आणि त्याच धावा. शेजारच्या खोलीत आप्पांचा श्वास ऐकू येत होता. मग मी दुसरं षटक पुसलं.

पहिली कसोटी संपल्यानंतरच्या रविवारी आक्का आली. माझी ही थोरली बहीण निपाणीत हायस्कूलवर गणित शिकवते. आईनं तिला फोनवर सांगितलं होतं की आप्पा हल्ली एकच गोष्ट परत परत विचारतात. आक्का ठरवूनच आली होती. गल्लीत एका दवाखान्यातला कंपाउंडर राहतो, तो सकाळ-संध्याकाळ येऊन इंजेक्शन देऊन जाईल, असं तिनं त्याच्याशी बोलूनही ठेवलं होतं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, आयुष्यभर मी सुतासुतानं माप घेतलं, आता चोवीसची रेघ दाखवायला मला माणूस लागणार का. आवाज चढला नव्हता. त्यांनी स्कोअरबुक आक्काकडे सरकवलं. "तू गणिताची मास्तरीण न्हवं? घे, तपास. एक चूक काढून दाखीव."

आक्कानं चष्मा लावला. तीन दिवसांचा खेळ तिनं बोटानं तपासला, दोन्हीकडच्या बेरजा कागदावर मांडल्या. मी समोर बसलो होतो. पाऊण तासानं तिनं पुस्तक मिटलं. बेरजा तंतोतंत जुळत होत्या.

मी म्हणालो, तरीही कंपाउंडर आला तर काय बिघडतं. आक्का हसली. "तुमच्या पेपरात काल खानापूरची बातमी निपाणीच्या पानावर हुती. तुला त्या चुका दिसत न्हाईत, आणि आप्पांच्या काढाय निघालास व्हय रं?" आईही हसली. तेव्हा सांगायचं होतं. सांगितलं असतं तर आप्पांसमोर, आईसमोर, पुस्तक उघडून, कुठं कुठं पुसलं ते दाखवावं लागलं असतं. मी चहाचे कप आत नेऊन ठेवले. कंपाउंडरला नको म्हणून कळवलं, आणि आक्का चारच्या गाडीनं निपाणीला गेली.

दुसरी कसोटी पर्थला होती. पर्थ ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला आहे आणि तिथलं घड्याळ बाकीच्या मैदानांपेक्षा आपल्याला जवळ आहे. खेळ आपल्याकडच्या आठला दहा मिनिटं कमी असताना सुरू होतो आणि लंच दहाला दहा कमी असताना होतो. आमच्या क्रीडा पानावरची वेळापत्रकाची चौकट मीच लावली होती. घरी तो अंक येतो. आप्पांनी त्या चौकटीखाली पेन्सिलनं रेघही ओढली होती.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा सामना चालू होता, आई इंजेक्शननंतरचे पोहे खाऊन कधीच मोकळी झाली होती. लंच झाला. आप्पा उठून स्वयंपाकघरात गेले. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज मी ऐकला. पाणी प्यायला गेले असतील असं वाटलं आणि मी पेपर वाचत राहिलो.

साडेअकराच्या सुमारास आईनं हाक मारली, पण ती मला नव्हती. तीस वर्षांपूर्वी वारलेल्या आपल्या भावाला ती हाक मारत होती. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसली होती, पातळ घामानं भिजलं होतं. शेजारच्या काकूंनी साखरेचं पाणी केलं, पण आईचे दात घट्ट बसले होते. रिक्षातून दवाखान्यात नेलं. शिरेतून ग्लुकोज चालू झालं, आणि अर्ध्या तासानं तिनं विचारलं की गॅस बंद केला का.

संध्याकाळपर्यंत आक्का पोचली. डॉक्टरांनी आम्हा तिघांना बोलावलं. साखर इतकी खाली जाण्याची कारणं त्यांनी सांगितली. खाणं कमी झालं असेल, मूत्रपिंड बिघडलं असेल, किंवा डोस जास्त गेला असेल. त्यांनी आप्पांना सरळ विचारलं, इंजेक्शन दोनदा गेलं का.

"न्हाय," आप्पा म्हणाले. "लंचला दिलं. एकदाच."

आक्का लगेच मध्ये पडली. तिनं डॉक्टरांना सांगितलं की या माणसाची आकड्यात चूक होत नाही, गेल्याच रविवारी मी स्वतः तपासलं आहे. पुस्तकाचं, ठिपक्यांचं, जुळलेल्या बेरजांचं तिनं सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत होते. मग ते म्हणाले की तसं असेल तर मूत्रपिंडाच्या तपासण्या करू, दोन दिवस ठेवून घेऊ, आणि घरी गेल्यावर डोस पूर्वीसारखा आप्पांनीच द्यायला हरकत नाही. ते कागदावर लिहू लागले.

मी म्हणालो, "ते पुस्तक मी दुरुस्त केलंय."

मग मी सगळं सांगितलं. किती दिवस, कशा चुका, एक षटक दोनदा लिहिलेलं. सकाळी दहाच्या आधी फ्रिजचं दार उघडल्याचंही सांगितलं. आक्का माझ्याकडे बघत नव्हती. ती आप्पांच्या हातांकडे बघत होती. डॉक्टरांनी लिहिलेल्या ओळीवर काट मारली.

आईनं नंतर सांगितलं की दुसऱ्यांदा सुई आणली तेव्हा तिनं विचारलं होतं, सकाळी एक झालं नव्हतं का. आप्पा म्हणाले होते, "ते काल." तिनं दंड पुढं केला. लग्नाला इतकी वर्षं झाली, आकड्यावरून त्यांच्याशी वाद घालायची वेळ कधी आलीच नव्हती, असं ती म्हणाली.

त्या दिवशी मी सुट्टी घेतली. आक्का आईजवळ थांबली आणि मी आप्पांना घरी घेऊन आलो. जेवण झाल्यावर ते म्हणाले, "पयल्या दिसापासनं दिसत हुतं मला. माझा ठिपका बारीक असतोय. तुझा दाबून."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत.

"बरं वाटलं," ते म्हणाले. "फॅक्टरीत असंच असतंय रं. एकाच्या हातनं सुटलं तर मागचा धरतोय. म्हटलं, हा माझ्या मागं उभा हाय. सुईचं पण बघत असशील, असं धरून चाललो मी."

मला सकाळी वाटलेली भीती आईच्या अवस्थेची होती. आता वाटत होती ती वेगळी होती. त्यांना आपल्या चुका कळत होत्या, आणि त्या कळल्यावर त्यांनी अधिक जपून वागायचं सोडून दिलं होतं, कारण त्यांच्या मागं मी होतो. आणि मी फक्त बेरीज बघत होतो.

आई तिसऱ्या दिवशी घरी आली. तिसरी आणि चौथी कसोटी आमच्या घरात कुणी पाहिली नाही. आप्पा टीव्ही लावत नव्हते आणि आम्हीही लावा म्हणालो नाही. इंजेक्शन आता मी देतो. सकाळी साडेसातचा गजर लावून उठतो, औषध ओढतो आणि सुई टोचण्याआधी सिरिंज फोनसमोर धरतो. आक्का निपाणीहून शाळेला निघण्याआधी व्हिडिओ कॉलवर रेघ वाचते आणि आकडा मोठ्यानं म्हणते. संध्याकाळचं कंपाउंडर देतो. कधी कॉल लागत नाही. तेव्हा आई पोह्यांची बशी समोर ठेवून थांबते, खात नाही, आणि मीही सुई हातात धरून थांबतो.

एकदिवसीय मालिका सुरू झाली त्या सकाळी आक्का "चोवीस" म्हणाली आणि आप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "बुडबुडा हाय त्यात," ते म्हणाले. मी सिरिंज खिडकीकडे धरली. वरच्या टोकाला हवेचा बारीक बुडबुडा होता. मला दिसला नव्हता, आक्कालाही नाही. मी तो काढला, पुन्हा चोवीस भरले, तिनं पुन्हा वाचले.

पुढच्या सकाळी ते त्याच वेळी दारात आले आणि तेच म्हणाले. मी सिरिंज उजेडाकडे धरली, फिरवून पाहिली, पुन्हा पाहिली. काही नव्हतं. नुसती टिचकी मारून, काढला, असं म्हणणं सोपं होतं.

"न्हाय आप्पा," मी म्हणालो. "आज न्हाय."

ते पुढं आले, स्वतः वाकून पाहिलं, बराच वेळ पाहत राहिले. आई दंडावरचा पदर बाजूला करून बसली होती. मग ते म्हणाले, "व्हय. न्हाय." आणि बाहेर जाऊन बसले.