निवेदक क्रमांक चौदा

प्रबंधाला हात लावण्याआधी सारिकाच्या आईंनी दोन्ही हात पदराला पुसले. ते पाहिल्यापासून मला चैन नाही.

सारिका माझी विद्यार्थिनी. तिनं विडी कामगार बायकांवर पीएच.डी. केली, तिची आईही विड्याच वळते. पहिल्या खर्ड्यात तिनं लिहिलं होतं, 'आई घास भरवायची तेव्हा भाताला तंबाखूचा वास यायचा.' मी ते लाल पेनानं खोडलं आणि समासात लिहिलं, 'प्रबंधात व्यक्तिगत सूर नको.' मुलाखत देणाऱ्याला आम्ही निवेदक म्हणतो. आता तिथं छापलंय, 'निवेदक क्र. १४ यांच्या हातांना तंबाखूचा दर्प असल्याचे आढळून आले.' तीस वर्षं मी हेच शिकवत आलो. माणूस काढून टाकायचा आणि त्याला शिस्त म्हणायचं.

आज तोंडी परीक्षा झाल्यावर तिच्या आई पेढे घेऊन आल्या. प्रबंध चाळत त्यांनी लेकीला विचारलं, "ह्यात मी कुठं गं?"

सारिकानं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"नाव नाही घातलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आपलं नाव कुठं शोभतंय असल्या पुस्तकात!"

मग त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो तोंडाशी नेला. त्याला तंबाखूचा वास येत होता.