बुधवारी मी कुठे जाते

मुलांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, बुधवारी दुपारी तू फोन का उचलत नाहीस?" तुमच्या बाबाने परस्पर सांगून टाकलं, भजनाला जाते म्हणून, आणि मीही ते खोडलं नाही. माझा गाण्याचा आवाज ऐकलेल्या माणसाने असं बोलावं, याचं नवल वाटलं. हे खोटं अंगवळणी पडायच्या आत खरं लिहून टाकते.

मी दौंडला एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत ग्रुप थेरपीला जाते. आजोबा गेल्यावर माझी झोप उडाली. गोळ्यांनी तोंड तेवढं कोरडं पडलं, तेव्हा डॉक्टरांनी इथे पाठवलं. गोलात मांडलेल्या सहा खुर्च्या, मध्ये टिश्यूचा डबा आणि पुण्याहून येणारी समुपदेशक. वयाने माझ्या शेवटच्या दहावीच्या वर्गातली शोभेल. तिने नियम सांगितले : इथलं बोलणं इथेच राहील, कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही, बोलावंसं वाटलं नाही तर 'पास' म्हणायचं. मी ते वहीत उतरवून घेतले, क्रमांक घातले. स्वतःविषयी एक परिच्छेदही लिहून नेला होता. तिने वही मिटायला सांगितली. शिरूरच्या शाळेत इंग्रजी शिकवताना मी जन्मभर मुलांना वह्या उघडायला सांगितलं होतं.

चार बुधवार मी 'पास' म्हटलं. इतरांकडून नियम दर बुधवारी मोडत होते. शिरूरकडच्या, शेवंतीचा मळा असलेल्या एक बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "झोप न्हाई व्हय? दुधात जायफळ उगाळून घ्या की."

"ताई, सल्ला नको ना," समुपदेशक म्हणाली.

"सल्ला कुठं? जायफळ हाय ते!"

पाचव्या बुधवारी कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टला जाणारे गृहस्थ मला म्हणाले, "बाई, आमी बोलतोय आन् तुमी मनात मार्क देताय. तुमचा पेपर कवा?"

मी खरोखरच मार्क देत होते. म्हणून बोलले. त्या सकाळी आजोबांनी चहा मागितला होता. मी म्हटलं, एवढ्या कपड्यांच्या घड्या होऊ देत. सगळ्या घड्या घातल्या, टॉवेलांच्या कडासुद्धा जुळवल्या. चहा घेऊन गेले, तोवर ते गेले होते. हे मी तुमच्या बाबालाही सांगितलेलं नाही.

या वेळी कुणाचा सल्ला आला नाही. वेळ संपल्यावर सगळे उठले, चपला घातल्या आणि मुकाट्याने जिना उतरून गेले. समुपदेशक घाबरली.

"आजी, सगळे दुखावले का? कुणी बायसुद्धा म्हणालं नाही. पुढच्या वेळी येतील ना?"

तेव्हा मला तिला शिकवावं लागलं, की दुःखाच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. ते मला भेटायला आले होते. आजोबा गेले तेव्हाही माणसं आली होती. पण कुणाला चहा मिळाला, कुणाचा राहिला, हे बघण्यात मी इतकी गुंतले होते, की मला कुणी भेटूच शकलं नाही.

पुढच्या बुधवारी सगळे हजर होते.

इतरांनी तिथे काय सांगितलं, ते विचारू नका. इथे त्यांचं जे आलं, तेवढं त्यांना विचारूनच लिहिलं आहे. हे पत्र तुमच्या बाबाला वाचून दाखवा. त्याला काही विचारायचं असेल, तर त्याने मलाच फोन करावा. मी उत्तर देईन.

कुरकुंभच्या गृहस्थांची आता बदली झाली. झोप निम्मी परत आली आहे. गट अजून भरतो. आम्ही पाच जण आहोत.