उसनी वाफ

हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे कुलूपकाकू म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. कापसाची गुंडाळी मागायला गेलं तरी त्या आधी विचारायच्या, "मागची संपली, की कपाटात दडवलीय?" बहुतेक वेळा ती दडवलेलीच निघायची.

एका सोमवारी ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करणारं मोठं यंत्र बंद पडलं. सुटा भाग यायला तीन आठवडे लागणार होते. अधीक्षक म्हणाले, "बुधवारपासून थिएटर बंद. दुसरा इलाज नाही."

यादीत एकोणीस रुग्ण होते. काहींनी तारखेसाठी चार-चार महिने काढले होते.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबा," काकू म्हणाल्या.

समोरच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलातलं वाफेचं यंत्र दुपारनंतर रिकामं असतं आणि त्यांचं कपडे धुण्याचं यंत्र वर्षभर बंद आहे, हे त्यांना ठाऊक होतं. तिथले स्टोअरकीपर त्यांच्याच बसने येत. काकू थेट त्यांच्या टेबलापाशी गेल्या.

"तुमच्या चादरी आम्ही धुतो, आमची हत्यारं तुम्ही वाफवा."

"लेखी द्या काकू. नाहीतर चादरी तुमच्याच कपाटात जायच्या."

काकूंनी तिथेच कागद ओढला.

खरी अडचण घरचीच होती. थिएटरच्या सिस्टर म्हणाल्या, "दुसऱ्याच्या चुलीवर आपला कुकर? शिट्टी झाली की नाही, कोण बघणार?"

"तुम्हीच. चला माझ्याबरोबर."

मंगळवारी दुपारी पहिलं गाठोडं यंत्रात गेलं. सिस्टरांनी त्याच्या पोटात कागदी पट्टी ठेवली होती; वाफ आतवर पोचली की ती काळी पडते. गाठोडं उघडलं तेव्हा पट्टी फिकीच होती. सिस्टरांनी ती काकूंच्या नाकासमोर धरली.

"झालं समाधान? सांगते अधीक्षकांना."

तिथला यंत्रचालक गाठोड्याकडे बघून हसला. "एवढं मोठं? बिऱ्हाड हलवताय का?"

काकूंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्याकडे हत्यारं आणि गाऊन एकाच गाठोड्यात घट्ट आवळून बांधायची पद्धत होती. मोठ्या यंत्राला ते चालायचं. इथलं यंत्र डोळ्यांच्या बारीक हत्यारांच्या तळहाताएवढ्या डब्यांसाठी होतं, पण सवयीच्या हातांनी नेहमीसारखंच बांधलं होतं.

"यंत्र ठीक आहे. चूक आपली," त्या म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावर गाठोड्याची गाठ सोडली. एकाची तीन केली. गाऊन वेगळे, सैल.

सिस्टर हाताची घडी घालून बघत राहिल्या. मग न राहवून म्हणाल्या, "आडवी नका रचू. उभी ठेवा, मध्ये फट सोडून." आणि स्वतःच पुढे झाल्या. तिन्ही गाठोड्यांत त्यांनी पट्ट्या घातल्या.

साडेपाचला त्यांनी तिन्ही पट्ट्या खिडकीपाशी नेल्या, एकेक उजेडात धरून पाहिली. तिन्ही काळ्या होत्या. मग त्यांनीच अधीक्षकांना फोन लावला.

"उद्याची यादी तशीच ठेवा, सर. प्रत्येक गाठोड्यातली पट्टी मी बघणार. एक जरी फिकी निघाली, तरी थिएटर त्या दिवशी बंद."

काकू तोवर समोरच्यांच्या चादरी ढकलगाडीवर रचत होत्या. बासष्ट भरल्या. त्यांनी लॉन्ड्रीत फोन केला.

"पहिल्या फेरीत या घ्यायच्या."

"आणि आपल्या?" पलीकडून कुरकुर आली.

"आपल्या दुसऱ्या फेरीत. उद्या नऊला पहिलं ऑपरेशन आहे, त्यांच्याच वाफेवर."